दोन दुधांच्या मधला कल्याण

माझ्या मुलाचं लग्न दुपारी बारा पस्तीसच्या मुहूर्तावर लागलं. गुरुजींनी आधी गोरज मुहूर्त काढला होता, तो कल्याणने बदलून घेतला. "संध्याकाळी दूध येतं," एवढंच तो म्हणाला. सकाळचं दूध मोजून, टँकर भरून देऊन तो मांडवात आला आणि पाच वाजता नवरदेवाच्या कपड्यांवर जुना शर्ट चढवून पुन्हा केंद्रावर जाऊन बसला. हळदीची बोटं दुधाला लागू नयेत म्हणून त्याने हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. रुपाली, माझी सून, अजून ते सांगून हसते. मीही पूर्वी हसत असे.

आमचं गाव पुणतांब्यापासून सात किलोमीटरवर. ऊस, थोडे पेरू, आणि घरटी दोन-चार संकरित गायी. गावचं दूध संकलन केंद्र आमच्या ओसरीला लागून आहे. सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते आठ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहतात. कल्याण प्रत्येकाच्या दुधाचं सॅम्पल मशीनला लावतो, मशीन फॅट आणि डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, दाखवतं, त्यावर दर ठरतो. गाय रविवार पाळत नाही, दिवाळी पाळत नाही, सुतकही पाळत नाही.

हे केंद्र कल्याणच्या वडिलांनी सुरू केलं आणि ते गेलेही केंद्रावरच. संध्याकाळचं दूध संपत आलं होतं. ते पालथ्या कॅनवर बसले, "सुरेखा, पाणी दे गं," म्हणाले. मी तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत भिंतीला टेकले होते. कधी आजारी नाहीत, कधी गोळी नाही. वय सेहेचाळीस. लोक म्हणाले, सूर्यभानभाऊ पुण्यवान, त्रास झाला नाही. मीही मान हलवली. तेव्हा दुसरं काय करणार होते?

कल्याण सतरा वर्षांचा होता, बारावीत. त्याला भूगोल आवडायचा. पलंगाच्या वर भिंतीला जगाचा नकाशा चिकटवलेला असायचा आणि नद्यांवरून तो पेन्सिल फिरवत बसायचा. रात्री वडिलांना अग्नी देऊन आलेला मुलगा सकाळी साडेपाचला मशीनसमोर बसला, कारण बाहेर रांग लागली होती. लोकांचाही इलाज नव्हता. या गोष्टीला सतरा वर्षं झाली. तेवढ्या काळात, आजचा दिवस सोडला तर, त्याने सकाळचं किंवा संध्याकाळचं एकही दूध चुकवलेलं नाही. त्याला जिथे कुठे जायचं असतं, ते सकाळी नऊनंतर निघून पाचच्या आत परत येण्याइतकं जवळ असावं लागतं.

माझा मुलगा दिसायला भारदस्त आहे. शहाण्णव किलो. दिवसभर खुर्ची, आणि सॅम्पलचं उरलेलं दूध घरातच, त्यामुळे साय-तुपाला तोटा नाही. गळ्यात तुळशीची माळ आहे, वडील गेल्यावर घातलेली. दारू सोडाच, लग्नातल्या पंगतीत रस्सा कशाचा आहे हे विचारल्याशिवाय तो घास उचलत नाही. मोजायला बसला की बोलत नाही. कुणी "जरा बघून लावा, चेअरमन" म्हणालं तर मशीनचा आकडा त्याच्याकडे वळवून दाखवतो. गावात त्याच्या शब्दापेक्षा त्याच्या आकड्याला किंमत आहे आणि त्याला ते आवडतं.

गेल्या फेब्रुवारीत दूध संघाने केंद्रचालकांसाठी रक्त तपासणीचं शिबिर ठेवलं. तिसऱ्या दिवशी लॅबचा माणूस रिपोर्ट वाटत आमच्याकडे आला तो नेमका संध्याकाळी, रांग लागलेली असताना. कागद उघडून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "एसजीपीटी एकशे बारा, जीजीटी एकशे अडुसष्ट. चाळीस-पन्नासच्या आत पाहिजे. लिव्हरची एन्झाईम्स चढलीत, भाऊ. घेता का?" आणि अंगठा तोंडाकडे नेला.

रांगेत बजरंग होता. त्याच्या तोंडाला पट्टी नाही. "माळकरी मानूस अन् लिव्हर पेटलं! कल्यानशेठ, रातच्याला तीर्थ घेता का काय?"

सगळे हसले. कल्याणही हसला. आत आल्यावर मला म्हणाला, "आई, माझं फॅट चांगलं लागलंय. दूध असतो तर दर भेटला असता."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी सॅम्पल परत लावायला सांगितलं. त्यातल्या एकाने तर मशीनऐवजी कल्याणच्या डोळ्यांत बघितलं. मी ओसरीत तांदूळ निवडत होते. सतरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पिणाऱ्या माणसाच्या हाताने मोजलेलं दूध कुणाला चालेल?

मी बीए झालेली बाई आहे. अर्थशास्त्र घेऊन, नगरच्या कॉलेजातून. रिपोर्ट हातात घेऊन एकेक ओळ मी वाचली होती. बिलिरुबिनचा आकडा व्यवस्थित होता, म्हणजे कावीळ नव्हती, हे मला कळत होतं. तरी त्या दुपारी दळणाच्या गिरणीत शेजारच्या रंगुबाईंनी "काय गं, पोराला काय निघालं?" म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "कावीळ आहे हो. आतल्या आत राहिलेली."

कावीळ हा शब्द सोपा होता. ती कुणालाही होते, कुणाचा त्यात दोष नसतो, आणि ती उतरते. रंगुबाईंना सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं.

"आगं मग बसलीस काय?" त्या म्हणाल्या. "रविवारी भागवतबुवाकडं ने. तीन रविवारांत उतरंल."

नेलं. भागवतबुवा शेजारच्या वस्तीवर कावीळ उतरवतात. कसल्याशा ओल्या काड्यांची गाठी मारलेली छोटी माळ डोक्यावर ठेवतात. ती लांबत लांबत गळ्यात, मग छातीवर आली की कावीळ उतरली. काड्या वाळल्या की गाठी सैल होतात म्हणून माळ लांबते, हे मला समोर दिसत होतं. मी हात जोडून बसले होते. पथ्य मिळालं: तेल बंद, हळद बंद, फुटाणे आणि गूळ खायचा, आणि रोज सकाळी उपाशीपोटी उसाचा रस.

परत येताना गाडीवर कल्याण म्हणाला, "आई, माझे डोळे पिवळे न्हाईत."

"आत असते कधी कधी."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्याला कळलं असावं की मी कशासाठी हे करते आहे. मला मात्र त्याचं काही कळलं नव्हतं. ते पुढे लिहीनच.

रस सुरू झाला. पहिल्या दिवशी रंगुबाईंची एक बाटली आली. आठवड्यात नऊ बाटल्या येऊ लागल्या. आमच्याकडे ऊस दारात उभा असतो, चरक घरोघरी नसले तरी रस गुऱ्हाळावरून आणता येतो. लोक एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात रसाची बाटली घेऊन येत. बजरंगही आणायला लागला. त्याने माफी मागितली नाही, पण सर्वांत मोठी बाटली त्याची असायची.

"उभ्या उभ्या प्या, चेअरमन. माझ्यासमूर."

"आत्ताच एक झाला, बजरंगनाना."

"त्याचा पिला अन् माझा न्हाई व्हय? आमचा ऊस कडू हाय का काय?"

मग कल्याण पीत असे. नाही म्हटलं तर कावीळ नाही असा अर्थ निघणार, आणि कावीळ नाही तर मग काय, हा प्रश्न निघणार. रांगेतला प्रत्येक जण त्याच्या घशाकडे बघत असे. एका सकाळी मी मोजलं, पाच ग्लास. वर गुळाचे खडे. मीच लावलेलं झाड, आणि त्याखाली माझा मुलगा बसलेला. थांबवायचं कसं, ते मला सुचत नव्हतं. माळ छातीवर आली, बुवांनी कावीळ उतरली म्हणून सांगितलं, तरी बाटल्या थांबल्या नाहीत. "उलटती कधी कधी," रंगुबाई म्हणाल्या, "महिनाभर घ्यायचाच."

एप्रिलमध्ये मी त्याला हट्टाने श्रीरामपूरला नेलं. डॉक्टर तरुण होत्या, चाळिशीच्या आतल्या. त्यांनी रक्त पुन्हा तपासलं. एसजीपीटी एकशे एकाहत्तर, जीजीटी दोनशे छत्तीस. उपाशीपोटी साखर एकशे एकतीस. पोटाच्या सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी.

"दारू?"

"कधीच नाही," मी म्हणाले.

"मी त्यांना विचारतेय, काकू."

"न्हाई," कल्याण म्हणाला.

"मग दोन महिन्यांत एवढं वाढलं कशाने? खाता काय?"

कल्याणने माझ्याकडे पाहिलं. मला सांगावं लागलं. रस म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "कावीळ कुणी सांगितली? हा जुना रिपोर्ट बघा. कावीळ नव्हतीच. लिव्हरवर चरबी असलेल्या माणसाला तुम्ही रोज साखर पाजलीत."

मग त्यांनी वडिलांचं विचारलं. कसे गेले, किती वर्षांचे होते, त्याआधी काही त्रास होता का. मी सांगत होते तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. ईसीजी काढला, तो बरा होता. त्या म्हणाल्या, "ज्यांचं जीजीटी असं चढलेलं राहतं, त्यांच्यात हृदयविकाराचं आणि हृदय एकाएकी थांबण्याचं प्रमाण जास्त दिसतं. लिव्हरमुळेच तसं होतं असं नाही, आणि तुम्हाला होईलच असंही नाही. पण वडील असे गेलेत म्हटल्यावर मी नुसती गोळी देऊन पाठवणार नाही."

कल्याणने कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "म्हणजे डिग्री कमी लागली तर दुधात पाणी हाय का गाय आजारी हाय, ते मशीन सांगत न्हाई. तसंच ना?"

"अगदी तसंच. आकडा फक्त म्हणतो, गोठ्यात जाऊन बघा. फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी करायची आहे. या आठवड्यात या. जेवल्यावर तीन तासांनी, दुपारी."

"डेअरीचं बघून सांगतो," कल्याण म्हणाला.

हे वाक्य मी पुढचे एकोणीस दिवस ऐकलं. आज टँकर उशिरा येणार, उद्या मशीनची तपासणी, परवा संघाची मीटिंग. तपासणी दुपारची होती, पण श्रीरामपूरला जाऊन तिथे थांबून पाचच्या आत परत येण्याची खात्री नव्हती, आणि खात्री नाही अशी गोष्ट तो करत नाही. रस आता तो तोंडाला लावून बाजूला ठेवायचा, पण समोर उभं राहून पाजणारे होतेच.

त्या एकोणीस दिवसांत मी दोन्ही वेळा केंद्रावर जाऊन बसू लागले. तो कॅन उचलायला वाकला की मी उठून उभी राहत असे. पाणी मागण्याआधीच मी त्याच्याजवळ ग्लास ठेवत असे, कारण त्याने पाणी मागितलेलं मला ऐकायचं नव्हतं. तो चिडला. "आई, तू अशी बसलीस की माझं सॅम्पल चुकतं." मी आत गेले आणि खिडकीतून बघत राहिले. रुपाली एकदा हळूच म्हणाली, "आई, तुम्ही बघितल्याने काही थांबणार आहे का?" तिचं बरोबर होतं. पण न बघताही येत नव्हतं.

विसाव्या दिवशी सकाळी बजरंगने बाटली पुढे केली आणि मी बाहेर आले.

"बजरंगभाऊ, ठेवा ती. त्याला कावीळ नाही. नव्हतीच. मी खोटं सांगितलं होतं."

मशीनचा आवाज तेवढा चालू होता.

"मग हुतं काय, वहिनी?" बजरंग म्हणाला. "बाटली हुती व्हय?"

"लिव्हरवर चरबी आहे. दारू न पिताही होते. त्याला हा रस विषासारखा झालाय. आणि आता हृदय तपासायचं आहे. त्याचे वडील कसे गेले ते तुम्ही सगळ्यांनी इथे उभं राहून पाहिलंय. मला वाटलं, कावीळ म्हटलं की तुम्ही त्याला दारुडा म्हणणार नाही. म्हणून बोलले."

रंगुबाई म्हणाल्या, "आगं मग मला सांगायचं न्हाई का? मी काय परकी? रोज सकाळी चरकावर जाऊन मरत हुते मी!"

कुणी तरी मागे हसलं. कल्याणचा चेहरा लाल झाला होता. तो पुढचं सॅम्पल मशीनला लावू लागला. त्या संध्याकाळी चार किटल्या खालच्या आळीतल्या दुसऱ्या केंद्राकडे गेल्या. बजरंग आला, पण बाटलीशिवाय आणि थट्टेशिवाय, आणि ते जास्त लागलं.

रात्री जेवताना रुपाली म्हणाली, "उद्या दोन्ही वेळचं मशीन मी लावते. तुम्ही जा."

"लोक तुझा आकडा मानतील?" कल्याण म्हणाला.

"मशीनचा आकडा आहे. माझा नाही."

सकाळी चार जणांनी तिच्याशी वाद घातला. तिने प्रत्येकाला आकडा वळवून दाखवला. साडेदहाला आम्ही मोटारसायकलने निघालो.

तपासणीच्या खोलीत मला येऊ दिलं. छातीवर तारा लावून कल्याण पट्ट्यावर चालत होता. माझा एवढा मोठा मुलगा जागच्या जागी चालत होता आणि कुठे पोचत नव्हता. सहाव्या मिनिटाला त्याने हात वर केला.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं. "छातीत दुखतंय? धाप?"

"न्हाई. पाय भरून आले."

त्यांनी ईसीजीची कागदी पट्टी पाहिली. "यात काही वाईट दिसत नाही. पण ठोके हवे तितके वाढायच्या आत तुम्ही थांबलात, त्यामुळे मला पूर्ण खात्री देता येत नाही. छातीचा त्रास नाही ना कधी?"

"न्हाई."

पथ्याचा कागद मिळाला, महिन्याने परत यायचं ठरलं. निघताना पावणेचार झाले होते. मला हलकं वाटायला हवं होतं. गावाकडच्या रस्त्याला लागल्यावर, चितळीच्या अलीकडे, कल्याणने गाडीचा वेग कमी केला आणि पुढे बघतच बोलला.

"पाय न्हाई भरून आले, आई. छाती आवळली."

"गाडी थांबव."

त्याने बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"कधीपासून?"

"कॅन उचलला की व्हतं. दोन मिनिटांत जातं."

"कधीपासून, कल्याण?"

"शिबिराच्या आधीपासून. दिवाळीपासून म्हण." त्याने मान खाली घातली. "तू कावीळ म्हनालीस तवा मला बरं वाटलं. म्हटलं, तेच असंल. नसलं तरी लोकं तेच समजतील."

म्हणजे मी त्याचं दुखणं लोकांपासून झाकत होते आणि तो माझ्यापासून. दोघांनी मिळून दोन महिने रस प्यायला घातला होता.

"तिथं का नाही बोललास? त्यांनी दोनदा विचारलं."

"बोललो असतो तर ठेवून घेतलं असतं. पाचला दूध येतंय. रुपालीच्या अंगावर सगळे धावून जातील."

"गाडी वळव."

"सव्वाचार झाले, आई."

"वळव म्हणते."

तो हलला नाही. मी मागून उतरले आणि श्रीरामपूरच्या दिशेने चालू लागले. चप्पल डांबराला चिकटत होती, उसाचे ट्रॅक्टर नसण्याचे दिवस, रस्ता रिकामा. मला माहीत होतं की मी चालत पोचणार नाही. मागे इंजिन तसंच घरघरत होतं. बराच वेळ. मग गाडी माझ्या शेजारी येऊन थांबली, श्रीरामपूरकडे तोंड करून.

"बस. लई हट्टी हायेस तू."

डॉक्टर निघायच्या तयारीत होत्या. त्याने स्वतः सांगितलं, सगळं, कॅनचं, दिवाळीपासूनचं, पट्ट्यावरचं. त्या रागावल्या नाहीत. फक्त त्याला गाडी चालवायची मनाई केली आणि फोन उचलला. सात वाजता आम्ही ॲम्ब्युलन्समधून नगरच्या रस्त्याला होतो. वाटेत तो दर थोड्या वेळाने रुपालीला फोन लावत होता. सोबतच्या सिस्टरने शेवटी मोबाईल काढून माझ्याकडे दिला. शेवटचा फोन रुपालीनेच केला, तो मी घेतला. बजरंगने रांगेत उभं राहून दोघांना दम दिला म्हणे, "आकडा बघायचा आसंल तर बघा, न्हाईतर किटली उचला." चारांपैकी एक किटली परत आली, तीन नाही आल्या. मी कल्याणला एवढंच सांगितलं की दूध झालं.

"फॅट किती लागलं बजरंगनानाचं?"

"नाही विचारलं."

त्याने डोळे मिटले. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्याने उत्तराशिवाय प्रश्न सोडून दिला, आणि मला त्याचीही भीती वाटली.

उद्या दहा वाजता त्याला अँजिओग्राफीला आत नेणार आहेत. इथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की नळी अरुंद असेल तर तिथेच ती उघडता येते, आणि आज रात्री काही होण्याची शक्यता कमी आहे. कमी म्हणजे किती, हे मी विचारलं, त्यावर ते म्हणाले, वेळेत आणलंत. मी पुन्हा विचारलं नाही. आता दोन वाजून गेलेत. वॉर्डातल्या बाकीच्यांचे नातेवाईक बाकांवर झोपलेत. मॉनिटरवर बहात्तर दिसतं, मग चौऱ्याहत्तर, मग एकाहत्तर. सिस्टर दोनदा म्हणून गेली, "मावशी, झोपा जरा, मशीन बघतंय ना." मी हो म्हणाले. एकाहत्तर. त्र्याहत्तर. त्याची छाती वर येते, खाली जाते, आणि मी पुढच्या वेळची वाट बघते.